दुकान मोबाईलवरचं : कापलेले पैसे आणि तीन अक्षरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं, की ऑनलाइन विक्री करताना कुठल्या शब्दापाशी अडता ते कळवा. पत्रं आली ती बहुतेक सांगली आणि सातारा या आपल्याच दोन जिल्ह्यांतून : तासगाव, कराड, म्हसवड, वाई, सातारा, सांगलीवाडी. एका वाचकानं तर नुसती यादीच पाठवली आहे आणि खाली लिहिलंय, 'यांचे फुल फॉर्म द्या.' त्यांचे अर्थ देते, शेवटी देते. पण फुल फॉर्म पाठ करून कुणाचा धंदा सुधारलेला मी बघितला नाही. मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवर हिशेब लिहीत होते तेव्हापासूनची माझी सवय अशी, की नवं नाव दिसलं की आधी विचारायचं : यात माझे पैसे जातात, की नुसते अडकतात? दोन्ही नसेल तर ते माझ्यावर नजर ठेवायला केलेलं माप आहे. खालची सगळी उत्तरं याच चाळणीतून काढलेली आहेत.

प्रश्न : ताई, घरचा आणि भावकीतला बेदाणा अर्ध्या किलोच्या पाकिटात ऑनलाइन विकतो. जीएसटी नंबर आहे. पाकीट ३१५ रुपयांना जातं आणि खात्यात २०० रुपये ८६ पैसे येतात. सेटलमेंट रिपोर्ट उघडला की इतके रकाने दिसतात की डोकं गरगरतं. मधले एकशे चौदा रुपये गेले कुठं?
(बेदाणा उत्पादक, तासगाव तालुका)

उत्तर : दादा, बेदाण्याचा सौदा झाला की अडत्या तुमच्या हातात पट्टी देतो. वर वजन आणि दर, खाली तोलाई, हमाली, गाडीभाडं, आधी घेतलेली उचल, आणि तळाशी हातात पडणारी रक्कम. सेटलमेंट रिपोर्ट ही तीच पट्टी आहे, फक्त आडवी लिहिलेली. ती डावीकडून उजवीकडं वाचा, आणि वाचताना एकाच ऑर्डरची ओळ धरा. अख्ख्या महिन्याची बेरीज घेऊन बसलात तर काही उमगायचं नाही.

तुम्ही पाठवलेली ओळ मी सोडवली. ३१५ मध्ये ५ टक्के जीएसटी धरलेला आहे. म्हणजे तुमची विक्री ३०० रुपयांची, १५ रुपये सरकारचे. ते १५ तुमच्या हातून जातात एवढंच, ते तुमचे कधीच नव्हते. कमिशन ८ टक्के, ते ३१५ वर लावलंय : २५ रुपये २० पैसे. फिक्स्ड फी १०. शिपिंग ६०. मिळून ९५ रुपये २० पैसे. ही सगळी प्लॅटफॉर्मची, म्हणजे ज्या साइटवर विकता तिची, सेवा, तिच्यावर १८ टक्के जीएसटी : १७ रुपये १४ पैसे. झाले ११२ रुपये ३४ पैसे. मग टीसीएस (प्लॅटफॉर्मनं तुमच्या नावे आधीच कापलेला जीएसटी) दीड रुपया आणि टीडीएस (तसाच कापलेला आयकर) तीस पैसे. ३१५ मधून हे सगळं वजा केलं की २०० रुपये ८६ पैसे उरतात. पैशाला पैसा जुळतो.

आता माझा नेहमीचा प्रश्न लावा. गेले किती? फक्त ९५ रुपये २० पैसे. त्यांच्या सेवेवरचे १७ रुपये १४ पैसे हे आयटीसी, म्हणजे आधी भरलेल्या कराची वजावट. तुम्हाला विक्रीवर जे १५ रुपये भरायचे आहेत ते यातूनच वळते होतात, वर २ रुपये १४ पैसे शिल्लक राहतात. अट एकच. प्लॅटफॉर्मवर तुमचा जीएसटी नंबर बरोबर चढवलेला पाहिजे, आणि त्यांचं कमिशनचं बिल दर महिन्याला तुमच्या २बी मध्ये दिसलं पाहिजे. २बी म्हणजे जीएसटी पोर्टलवर तुमच्या नावे तयार होणारी खरेदीची यादी. बिल तिथं नाही, तर वजावट नाही. कितीतरी जण सेटलमेंट रिपोर्ट पाहतात आणि कमिशनची बिलं डाउनलोडच करत नाहीत.

टीसीएसचा दीड रुपया जीएसटीच्या खात्यात अडकलेला असतो, टीडीएसचे तीस पैसे आयकराच्या. दोन्ही तुमचेच. टीसीएस आधी १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का झाला. टीडीएससुद्धा १ टक्का होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे. धंदा व्यक्तीच्या नावावर असेल, पॅन दिलेलं असेल आणि त्या प्लॅटफॉर्मवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल, तर टीडीएस कापतच नाहीत. तुमचा कापलाय, म्हणजे एक तर विक्री पाच लाखांच्या वर गेली (तसं असेल तर पेढे पाठवा) किंवा धंदा व्यक्तीच्या नावावर नोंदलेला नाही. बघून घ्या.

राहिला तुमचा नफा. बेदाणा ११० रुपयांचा, पाऊच, लेबल आणि खोका १८ रुपयांचा असं तुम्ही लिहिलंय. ३०० मधून ९५.२० आणि १२८ वजा करा : ७६ रुपये ८० पैसे. याला मार्जिन म्हणतात. हा आकडा पाकिटाच्या खोक्यावर आतून पेन्सिलीनं लिहून ठेवा म्हणते मी. पुढं जाहिरातीचा प्रश्न येणार आहे, तिथं तो लागेल.

आणि यूटीआर. बँकेत एकच मोठी रक्कम जमा होते, तिच्यासोबत यूटीआर नंबर असतो. तो सेटलमेंटच्या यूटीआरशी लावला की कुठल्या ऑर्डरींचे पैसे आले ते कळतं. पैसे आले नाहीत म्हणून भांडायचं असेल तर आधी हा नंबर हातात ठेवा, नाहीतर तक्रार लगेच बंद होते.

प्रश्न : आमच्या रिटर्न भरणाऱ्यानं परवा विचारलं, 'टीसीएस ॲक्सेप्ट करता का?' मला वाटलं तो आपोआप मिळतो. कुपवाड एमआयडीसीत प्लास्टिकच्या डब्यांचा लहान कारखाना आहे, दीड-दोन वर्षं ऑनलाइन विकतोय.
(लघुउद्योजक, कुपवाड)

उत्तर : आपोआप मिळत नाही. प्लॅटफॉर्म दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत आपलं विवरण भरतो, त्यात तुमच्या नंबरसमोर कापलेली रक्कम लागते. मग जीएसटी पोर्टलवर 'टीडीएस आणि टीसीएस क्रेडिट रिसीव्ह्ड' नावाचं पान असतं, रिटर्नच्याच यादीत. ते उघडायचं, रक्कम आपल्या विक्रीशी ताडायची, ॲक्सेप्ट करायची आणि ते पान फाइल करायचं. तेव्हा कुठं रक्कम तुमच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या रोख खात्यात, येते. तिथून कर भरा, नाहीतर परतावा मागा.

मागचे महिने पडून असतील तर एकेक उघडून बघा. रक्कम जुळत नसेल तर लगेच रिजेक्ट करू नका. टीसीएस परत आलेला माल वजा करून उरलेल्या विक्रीवर लागतो, त्यामुळं तुमच्या ढोबळ विक्रीच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा आकडा कमी दिसणारच.

तुम्ही दुसरं विचारलंय, की प्लॅटफॉर्मचा माणूस 'माल आमच्या गोदामात ठेवा, एपीओबी करा' म्हणतो ते काय. एपीओबी म्हणजे धंद्याची जादा जागा. भिवंडीच्या गोदामात माल ठेवलात तर ती जागा तुमच्या आत्ताच्याच जीएसटी नोंदणीत जोडायची, कारण भिवंडी महाराष्ट्रातच आहे. पण बेंगळुरूच्या किंवा हैदराबादच्या गोदामात ठेवायचा असेल तर त्या राज्याची वेगळी नोंदणी, वेगळे रिटर्न, वेगळी डोकेदुखी. शून्य विक्री झाली तरी रिटर्न भरावंच लागतं, उशिराला दंड आहे. डब्यांसारख्या जागा खाणाऱ्या मालाला दूरच्या गोदामाचं भाडंही जड जातं. तुमच्या जागी मी असते तर आधी भिवंडीवर सहा महिने काढले असते.

प्रश्न : मी लहान मुलांचे कपडे शिवते. ऑर्डरी इन्स्टाग्रामवर आणि स्वतःच्या छोट्या वेबसाइटवर येतात, कुरिअर कंपनीशी करार आहे. सीओडी बंद केलं की ऑर्डरी पडतात, चालू ठेवलं की आरटीओ वाढतो. रोज एनडीआरचे मेसेज येतात, त्यांचं काय करायचं असतं?
(कराड)

उत्तर : ताई, या पत्राला मी सगळ्यात जास्त वेळ दिला, कारण लहान विक्रेता बुडतो तो इथं.

आधी शब्द. सीओडी म्हणजे माल दारात आल्यावर पैसे. एडब्ल्यूबी म्हणजे पार्सलचा नंबर, लेबलावर बारकोडखाली छापलेला. कुरिअरवाला दारात गेला आणि माल देता आला नाही, की तो कारण टाकतो : ग्राहक घरी नाही, फोन बंद, पत्ता चुकीचा, घ्यायला नकार. ते कारण तुमच्याकडं येतं तो एनडीआर. त्यावर तुम्ही काही कळवलं नाही, किंवा दोन-तीन फेऱ्या वाया गेल्या, की पार्सल उलट फिरतं. तो आरटीओ, माल परत मूळ जागी. ग्राहकानं माल घेतला आणि मग नको म्हणून परत केला तर तो आरटीओ नव्हे, तो रिटर्न. हिशेबात दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा, कारण दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

आता तुमचेच आकडे घेते. पोचलेल्या फ्रॉकमागं तुम्हाला १४० रुपये राहतात. परत आलेल्या पार्सलला जाण्याचं भाडं, येण्याचं भाडं आणि फुकट गेलेलं पॅकिंग धरून १३० रुपये जातात. शंभर पार्सलं पाठवली आणि पंचवीस परत आली. ७५ गुणिले १४० म्हणजे १०,५००. २५ गुणिले १३० म्हणजे ३,२५०. उरले ७,२५०. म्हणजे तुम्ही १४० रुपयांचा धंदा करतोय असं धरून चालला आहात, पण पाठवलेल्या पार्सलमागं सुटतात साडेबहात्तर रुपये. पन्नास परत आली तर शंभर पार्सलांमागं ५०० रुपये राहतील, म्हणजे शिलाई मशीनच्या तेलाचा आणि दोऱ्याचा खर्च. म्हणून 'ऑर्डरी पडतात' याला घाबरू नका. पोचणाऱ्या ऑर्डरी किती पडतात ते बघा.

सीओडी बंद करू नका, त्याला दार लावा. ऑर्डर आली की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर एक मेसेज : नाव, साइज, पत्ता, जवळची खूण, 'बरोबर असेल तर हो लिहा'. हो आलं नाही तर माल पाठवायचा नाही. दुसरं, सीओडीला थोडी रक्कम आगाऊ घ्या, पन्नास रुपये का असेनात. ज्याला नुसतं बटण दाबून बघायचं होतं तो तिथंच गळतो. तिसरं, पिनकोडनुसार आरटीओ लिहून ठेवा. तीन-चार महिन्यांत चित्र दिसतं, की अमुक भागात निम्मी पार्सलं फिरतात. तिथं फक्त आगाऊ पैसे. कुणाला राग येईल, येऊ दे.

एनडीआरचा मेसेज मात्र त्याच दिवशी उघडा. ग्राहकाला फोन करा. खूप वेळा ग्राहक घरात असतो आणि कुरिअरवाल्यानं संध्याकाळी गाडी वळवायचा कंटाळा केलेला असतो. ग्राहकाचा 'मला कुणाचा फोनच आला नाही' हा मेसेज स्क्रीनशॉट काढून कुरिअरच्या पॅनेलवर टाका आणि पुन्हा फेरी मागा. खोटा शेरा सिद्ध झाला तर परतीचं भाडं माफ करून घेता येतं, पण न मागता कुणी माफ करत नाही.

प्रश्न : म्हसवडहून घोंगडी पाठवतो. काट्यावर दोन किलो भरते आणि बिल पाच किलोचं लावतात. ही लूटच की ओ?
(घोंगडी विक्रेता, माण तालुका)

उत्तर : लूट नाही, व्हॉल्युमेट्रिक वेट आहे. गाडीत जागा किती अडते त्यावर हे वजन ठरतं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक कुरिअर ५००० ने भागतात. तुमचा खोका ४० बाय ३० बाय २०. गुणाकार २४,०००, भागिले ५०००, आलं ४.८ किलो. खरं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त त्याचं बिल. पुढं पूर्ण किलोवर चढवलं की पाच.

घोंगडी काही फुटत नाही, तिला खोका हवाच कशाला? घट्ट घडी घालून जाड प्लास्टिकच्या कुरिअर बॅगेत भरा. ३५ बाय २८ बाय १२ मध्ये बसली तर २.३५ किलो येतं. पावसाळ्यात आत आणखी एक पिशवी, एवढंच. आणि बॅग बंद केल्यावर काट्यावर ठेवून, बाजूला टेप लावून फोटो काढा, एडब्ल्यूबी नंबर दिसेल असा. नंतर जादा वजनाचं बिल आलं तर तो वाद 'वेट डिस्क्रिपन्सी'च्या रकान्यात ठरलेल्या दिवसांच्या आतच घालावा लागतो. फोटो नसेल तर त्यांचं मशीन म्हणेल ते वजन.

प्रश्न : आमची हळद पावडर स्वतःच्या नावानं विकतो. आमच्याच लिस्टिंगवर भलताच विक्रेता आमच्यापेक्षा वीस रुपये कमी लावून बसलाय आणि बाय बॉक्स त्याला मिळतो. एसिन आमचा, फोटो आमचे. शिवाय पाकिटावर 'जीआय' छापलं तर विक्री वाढेल का?
(मसाले विक्रेता, गावभाग, सांगली)

उत्तर : एसिन हा ॲमेझॉनचा दहा अक्षर-अंकांचा नंबर, आणि तो वस्तूला दिलेला असतो, तुम्हाला नव्हे. तीच वस्तू दुसऱ्या कुणाकडं असेल तर तोही त्याच पानावर, म्हणजे लिस्टिंगवर, दुकान मांडू शकतो. खरेदीचं बटण ज्याच्या नावानं लागतं तो बाय बॉक्स. तुमचाच माल घाऊक घेऊन कुणी विकत असेल तर तुम्ही फार काही करू शकत नाही. तुमच्या नावाखाली दुसरी हळद भरून विकत असेल तर ती फसवणूक आहे. तेव्हा आधी त्याच्याकडून एक पाकीट मागवा. पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढा, बॅच नंबर बघा.

तक्रारीला वजन येतं ते ट्रेडमार्कनं. मसाल्यांसाठी वर्ग ३०. व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. नावापुढं टीएम लावायला हरकत नाही, पण गोलातला आर नोंदणी झाल्याशिवाय छापू नका, तो गुन्हा आहे. इथल्या छापखान्यात डिझाइनवाली पोरं शोभेसाठी तो आर बसवून देतात, मी पाहिलंय. ट्रेडमार्क असला की प्लॅटफॉर्मच्या ब्रँड रजिस्ट्रीत नाव नोंदवता येतं आणि लिस्टिंगवर ताबा येतो. बारकोडसुद्धा कुठल्यातरी साइटवरून शंभर रुपयांत विकत घेतलेला असेल तर बदला. आपल्याकडं बारकोडचा हा ईएएन नंबर जीएस१ इंडिया ही संस्था देते, तो ८९० नं सुरू होतो. उसनवारीचा नंबर दुसऱ्याच वस्तूला जोडलेला निघाला की लिस्टिंग बंद पडते.

जीआयचं सांगते. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं, बेदाण्याला त्याआधी, २०१६ मध्ये. पण सांगलीत दुकान आहे म्हणून ते छापायचा हक्क येत नाही. त्यासाठी चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव लागावं लागतं, आणि माल त्या भागातलाच असावा लागतो. सांगलीच्या यार्डात बाहेरच्या राज्यांची हळदही येते हे तुम्हाला मी सांगायला नको. ती दळून त्यावर मानांकन छापलंत तर मीच तक्रार करीन.

पाकिटाच्या पाठीवर हे आहे का तेवढं तपासा : १४ अंकी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा परवान्याचा) नंबर, एमआरपी, निव्वळ वजन, युनिट सेल प्राइस म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला पडणारा दर, पॅकिंगचा महिना-वर्ष, पत्ता, तक्रारीचा फोन. हळदीचा एचएसएन, म्हणजे कर ठरवायला मालाला दिलेला नंबर, ०९१० नं सुरू होतो. एचएसएन चुकला की कराचा दर चुकतो, आणि तो फरक तुमच्या खिशातून जातो.

प्रश्न : साताऱ्यातून महाबळेश्वर भागातला मध विकतो. जाहिराती बघणारा मुलगा म्हणतो, 'आरओएएस चार आहे, बजेट डबल करू.' करू का?
(सातारा)

उत्तर : चार म्हणजे जाहिरातीवर एक रुपया घातला की चार रुपयांची विक्री. विक्री हो, नफा नव्हे. हाच आकडा उलटा केला की एसीओएस : विक्रीतला जाहिरातीचा वाटा, २५ टक्के. आता तुमचं मार्जिन किमतीच्या किती टक्के आहे ते काढा. तुम्ही ते लिहिलेलं नाही, म्हणून वरच्या बेदाण्याचं घेते : ३१५ वर ७६ रुपये ८० पैसे, म्हणजे २४.४ टक्के. त्या पाकिटाला जाहिरातीचे २५ टक्के लागले तर ७८ रुपये ७५ पैसे गेले, आणि दर पाकिटाला १ रुपया ९५ पैसे घरून घातले. बजेट डबल केलं की घरून घालणंही डबल.

मधात मार्जिन जास्त असेल तर चार हा चांगला आकडा ठरू शकतो. पण मुलाला आणखी एक विचारा : हे ग्राहक नवे आहेत की तुमचं नाव टाकून शोधणारे जुनेच? जो तुमच्या मधाचं नाव टाइप करून येतो तो जाहिरात नसती तरी आला असता. असे गिऱ्हाईक धरून आरओएएस फुगवणं सोपं असतं. त्याला पगार टक्केवारीवर देत असाल तर ती टक्केवारी खर्चावर आहे का तेही बघा. खर्चावर असेल तर तो बजेट वाढवाच म्हणणार.

प्रश्न : वाईत घरगुती चटण्या करते. फक्त महाराष्ट्रातच विकायच्या आहेत. जीएसटी नंबर काढलाच पाहिजे का?
(गृहिणी, वाई)

उत्तर : पूर्वी काढावाच लागायचा, विक्री हजाराची असली तरी. १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत आहे. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत, माल फक्त आपल्या राज्यात, तर पॅन देऊन जीएसटी पोर्टलवर एनरोलमेंट नंबर घ्यायचा आणि तो प्लॅटफॉर्मला द्यायचा. रिटर्नची भानगड नाही. मात्र पुण्याचा ग्राहक चालेल, बेळगावचा नाही. आणि कमिशनवरच्या १८ टक्क्यांची वजावट तुम्हाला मिळणार नाही, तेवढं किमतीत धरा. एफएसएसएआय नोंदणी मात्र स्वयंपाकघर घरातलं असलं तरी लागतेच.

प्रश्न : पुराच्या दिवसांत माल गेला नाही म्हणून आमचं रेटिंग पडलं. एसएलए ब्रीच असं दाखवतात. यात आमचा काय दोष?
(सांगलीवाडी)

उत्तर : दोष नाही, पण यंत्राला कृष्णा दिसत नाही. एसएलए म्हणजे ठरलेल्या वेळेत माल तयार ठेवण्याचा करार. तो मोडला की तुमचं माप घसरतं आणि लिस्टिंग खाली जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ आपण सगळ्यांनी बघितलंय. रस्ते बंद झाल्यावर ऑर्डरी रद्द करत बसण्यात अर्थ नसतो, कारण विक्रेत्यानं रद्द केलेली ऑर्डर आणखी जड पडते. आयर्विन पुलापाशी पाणी चढायला लागलं, कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली, की त्याच संध्याकाळी पॅनेलवर हॉलिडे किंवा व्हेकेशन मोड लावा. नव्या ऑर्डरी थांबतात. आधीच्या ऑर्डरींसाठी सपोर्टला तिकीट, म्हणजे तक्रार, टाका, पिकअप न झाल्याचा मेसेज जोडा. पिकअपला त्यांचीच गाडी आली नसेल तर तो ब्रीच तुमच्या नावावर राहता कामा नये.

यादी पाठवणाऱ्या मिरजेच्या वाचकाला : एसकेयू म्हणजे तुमच्या मालाला तुम्हीच दिलेलं खुणेचं नाव. ते '१, २, ३' असं ठेवू नका. 'बेदाणा-हिरवा-५००' असं ठेवा, परत आलेलं पाकीट कुठल्या कप्प्यात जायचं ते पॅकिंगच्या बाईंना न विचारता कळतं. एमओक्यू, कमीत कमी किती नग घ्यावे लागतील. एओव्ही, एका ऑर्डरची सरासरी रक्कम. ओओएस, माल संपला. बी२बी, घेणाराही जीएसटीवाला. त्याचा नंबर बिलावर चुकला तर त्याची वजावट जाते आणि तो पुन्हा येत नाही. जीएमव्ही म्हणजे रद्द झालेल्या आणि परत आलेल्या ऑर्डरी वजा न करता सांगितलेली विक्री. तो आकडा बातम्यांत वाचायला ठीक असतो, तुम्ही त्याच्याकडं बघूही नका.

प्रश्न : मी विश्रामबागेत राहतो, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. मित्राबरोबर कोल्हापुरी मसाल्याचं दुकान ऑनलाइन काढतोय. एका एजंटानं उद्यम सर्टिफिकेटसाठी अडीच हजार मागितले, आम्ही एक हजार दिलेत. उरलेले कधी द्यावेत?
(विद्यार्थी, सांगली)

उत्तर : देऊ नका. उद्यम, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, जुलै २०२० पासून सरकारी पोर्टलवर आहे आणि ती फुकट होते. आधार, पॅन आणि ओटीपी लागतो. एवढं काम दोघं मिळून चहा पिता पिता कराल. मात्र ओटीपी कुणाला सांगितला असेल तर आधी पोर्टलवर जाऊन बघा, की तुमच्या आधारवर त्या एजंटानं आपलाच मोबाईल नंबर आणि ईमेल टाकून ठेवलाय का. टाकला असेल तर तो आजच बदलून घ्या. हजार रुपये परत मागायला त्यानंतर जा.